सामायिक वस्तू ठेवायची कुठे?

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर कधी कधी ‘सामायिक विहीर’ अशी नोंद असते. विहीर एक आणि वाटेकरी चार. पाणी चौघांनाही हवं असतं. पण गाळ काढायचा झाला, कठडा बांधायचा झाला, की ते कोणी करायचं यावर गाडं अडतं. संगणकाच्या जगातही अशी एक सामायिक विहीर आहे. ती कुठे असावी आणि तिची देखभाल कोणी करावी, यावर पन्नास वर्षांहून अधिक काळ विचार चालू आहे. युनिक्स आणि तिच्या घराण्यातल्या लिनक्ससारख्या कार्यप्रणालींत ‘लायब्ररी’ नावाची वस्तू कुठे ठेवायची, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा हा इतिहास.

मी काही संगणकतज्ज्ञ नाही. बी. ए. झालेला, मराठीत कविता लिहिणारा माणूस. पण गेली पंचवीसेक वर्षं माझी कविता कागदाआधी पडद्यावर उमटते आहे, आणि पडद्यावरचं अक्षर याच लायब्रऱ्यांच्या भरवशावर उभं असतं. तेव्हा हे अक्षर कुठून येतं, याची चौकशी करणं मला भाग पडलं.

आधी लायब्ररी म्हणजे काय ते पाहू. प्रोग्राम म्हणजे संगणकाला दिलेल्या सूचनांची यादी. वर्गमूळ काढणं, तारीख लिहिणं, पडद्यावर अक्षर काढणं अशी काही कामं जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागतात. ती दर वेळी नव्यानं कशाला लिहायची? एकदा नीट लिहून ठेवावीत, ज्याला हवी त्यानं घ्यावीत. अशा तयार तुकड्यांच्या संग्रहाला लायब्ररी म्हणतात.

हा शब्द उगाच आलेला नाही. केंब्रिज विद्यापीठात मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली उभारलेला ‘एडसॅक’ हा संगणक ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चालला. त्या काळी सूचना कागदी पट्टीवर भोकं पाडून द्यायच्या. विल्क्स यांच्या हाताखालच्या डेव्हिड व्हीलर या तरुणानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नेहमी लागणाऱ्या कामांच्या पट्ट्या तयार केल्या आणि त्या एका पोलादी कपाटाच्या खणांत लावून ठेवल्या. ज्याला वर्गमूळ हवं असेल त्यानं ती पट्टी काढायची, यंत्रावर घालून आपल्या पट्टीवर तिची नक्कल उतरवून घ्यायची आणि मूळ पट्टी खणात परत ठेवायची. १९५१ पर्यंत अशा ८७ पट्ट्या जमल्या होत्या. त्या वर्षी विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ले गिल यांनी या पद्धतीवर पुस्तकही लिहिलं. ‘कुठे ठेवायची’ या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं अक्षरशः एक कपाट होतं.

नक्कल उतरवून घ्यायच्या या पद्धतीला आज ‘स्टॅटिक’ म्हणतात. आपण तिला स्थिर म्हणू. प्रोग्राम तयार होतानाच त्याला लागणारे तुकडे लायब्ररीतून उचलून त्याच्या पोटात कायमचे बसवले जातात. मग लायब्ररी जागेवर राहिली काय, नाहीशी झाली काय, त्या प्रोग्रामचं काही अडत नाही. घरच्या आडासारखा तो स्वयंपूर्ण असतो.

पण नकलांचं एक दुखणं असतं, आणि ते आमच्या जिल्ह्याला चारशे वर्षांपासून माहीत आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. ती का करावी लागली? गावोगावच्या पोथ्या नकलेवरून नक्कल अशा उतरत गेल्या होत्या आणि प्रत्येक नकलेत पाठ थोडा थोडा बदलत गेला होता. नाथांनी पाठ शुद्ध केला, तरी ज्या पोथ्या आधीच घराघरांत गेल्या होत्या त्या आपोआप शुद्ध झाल्या नाहीत. त्या तशाच राहिल्या. स्थिर लायब्ररीची अडचण नेमकी हीच. मूळ तुकड्यातली चूक दुरुस्त केली, तरी जिथे जिथे नक्कल गेली तिथे तिथे चूक जिवंत राहते.

यावर दुसरा उपाय असू शकतो, हे फार लवकर सुचलं होतं. १९६५ च्या सुमारास एमआयटी, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅबोरेटरीज यांनी मिळून ‘मल्टिक्स’ नावाची कार्यप्रणाली बांधायला घेतली. तिच्यात तुकडा नकलून घ्यायचा नाही; प्रोग्राम चालू असताना, गरज पडेल तेव्हा, तो एका सामायिक ठिकाणाहून जोडून घ्यायचा, अशी सोय होती. कल्पना उत्तम, पण प्रकल्प अवजड झाला. १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीज त्यातून बाहेर पडली. तिथल्या केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी त्याच वर्षी स्वतःसाठी एक आटोपशीर कार्यप्रणाली लिहायला घेतली. तीच युनिक्स. सामायिक जोडणीची सोय त्यांनी मागे सोडली आणि केंब्रिजच्या कपाटाची साधी पद्धत घेतली. नकलेसाठीच्या तुकड्यांची एक जुडी बांधायची आणि तिच्या नावापुढे ‘डॉट ए’ लावायचं. हा ‘ए’ म्हणजे आर्काइव्ह, दफ्तर. स्थिर लायब्ररीची ही खूण आजही तीच आहे.

आता जागेचा प्रश्न. युनिक्समध्ये सगळा पसारा एका झाडासारखा मांडलेला असतो. मुळाशी एक तिरकी रेघ, तिच्यातून फुटणारे कप्पे, कप्प्यांत पोटकप्पे. १९७० साली त्यांना पीडीपी-११ हे यंत्र मिळालं. त्याची मेमरी होती २४ किलोबाइट आणि तबकडी ५१२ किलोबाइट. आज आपल्या मोबाइलनं काढलेला एक फोटोसुद्धा त्या तबकडीवर मावायचा नाही. मुळाच्या तबकडीवर यंत्र सुरू व्हायला लागणाऱ्या वस्तू ठेवल्या आणि माणसांच्या फायलींसाठी ‘/यूएसआर’ नावाचा वेगळा कप्पा केला. ‘यूझर’ या शब्दाचं ते आखूड रूप. केनचं घर ‘/यूएसआर/केन’, रिचीचं घर ‘/यूएसआर/डीएमआर’. पण पहिल्या तबकडीवर जागा अपुरी पडू लागली, तशी व्यवस्थेची भांडीकुंडीही माणसांच्या घरांशेजारी जाऊन बसली. लायब्रऱ्यांचे असे दोन पत्ते झाले: ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर/लिब’. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या माहितीपुस्तकात जोडणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे लिंकरला, स्पष्ट आज्ञा आहे की लायब्ररी आधी ‘/लिब’मध्ये पाहावी, तिथे नसेल तर ‘/यूएसआर/लिब’मध्ये. माणसांची घरं पुढे तिथून हलली. व्यवस्थेचं सामान मात्र तिथेच राहिलं, नावासकट. म्हणजे पुढच्या पिढ्यांनी जो शास्त्रार्थ लावला, त्याच्या मुळाशी जागेची टंचाई होती.

एक तप असंच गेलं. मग पडद्यावर खिडक्या आल्या, चित्रं आली. खिडकी काढणारा तोच मजकूर प्रत्येक प्रोग्राम पोटात घेऊन फिरू लागला. घड्याळ दाखवणारा इवलासा प्रोग्रामही त्यामुळे भलताच जाडजूड झाला. तेव्हा मल्टिक्सची मागे टाकलेली कल्पना लोकांना आठवली. युनिक्सच्या सिस्टिम फाइव्ह या शाखेनं आणि पुढे सुरुवातीच्या लिनक्सनंही सामायिक लायब्ररीची एक ओबडधोबड रीत वापरली. प्रत्येक लायब्ररीला मेमरीतला एक ठरावीक पत्ता नेमून द्यायचा आणि दोघींना एकच पत्ता जाणार नाही याची नोंदवही सांभाळायची. भूखंड वाटल्यासारखंच ते होतं. लायब्ररी वाढली की भूखंड अपुरा पडायचा. १९८८ मध्ये सन कंपनीनं आपल्या युनिक्सच्या चौथ्या आवृत्तीत यावर तोडगा आणला. लायब्ररी मेमरीत कुठेही बसू शकेल अशी लिहायची, तिची एकच प्रत आणायची आणि अनेक प्रोग्रामांनी तीच वापरायची. लिनक्सनं १९९५ च्या सुमारास ‘एल्फ’ हा साचा स्वीकारून हीच वाट धरली. अशा लायब्ररीच्या नावापुढे ‘डॉट एसओ’ येतं. एसओ म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट, सामायिक वस्तू.

आमच्या शहरातल्या माणसाला हा फरक समजवायला फार शब्द लागत नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी वसवली. तेच पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर. त्यानं घरोघरी आड खणायला सांगून विषय संपवला नाही. डोंगरपायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर बांधली. नहर-ए-अंबरी ती हीच. एका नहरीवर अनेक मोहल्ले प्यायचे. गाळ काढला की सगळ्यांचं पाणी स्वच्छ व्हायचं. आणि नहर फुटली, तर सगळ्यांच्याच घागरी रिकाम्या. सामायिक लायब्ररीचा फायदा आणि धोका या दोन वाक्यांत सामावला आहे.

धोका वाढला तसे नियमही आले. पहिला नियम नावाचा. सामायिक लायब्ररीच्या नावात ‘डॉट एसओ’नंतर एक आकडा असतो. हा आकडा म्हणजे वचन असतं. आतली चूक दुरुस्त केली, वेग वाढवला, तरी आकडा तोच. जुने प्रोग्राम तसेच चालतील. पण लायब्ररीची वागण्याची रीतच बदलली, तर आकडा बदलायचा. १९९७-९८ मध्ये लिनक्सची सर्वांत मूलभूत लायब्ररी, ‘लिबसी’, पाचावरून सहावर गेली, तेव्हा दोन्ही आकड्यांच्या लायब्रऱ्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी नांदल्या. जुने प्रोग्राम पाच नंबरकडे जात, नवे सहाकडे. स्थिर लायब्ररीला असा आकडा लागत नाही, कारण नक्कल एकदा पोटात गेली की संबंध संपला.

दुसरा नियम जागेचा. १९९३ मध्ये लिनक्सच्या स्लॅकवेअर, डेबियन अशा वेगवेगळ्या वाटण्या निघू लागल्या आणि प्रत्येकानं सामान आपल्या मर्जीनं लावलं. एकीवर चालणारा प्रोग्राम दुसरीवर लायब्ररी शोधत भटकू लागला. तेव्हा स्वयंसेवकांनी एकत्र बसून कप्प्यांचं मानक लिहिलं. त्याची पहिली आवृत्ती १४ फेब्रुवारी १९९४ रोजी आली. डॅनियल क्विन्लन यांनी त्याचं काम पुढे नेलं. १९९७ मध्ये ते लिनक्सपुरतं न राहता सगळ्या युनिक्स घराण्यासाठी झालं, आणि त्याची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये निघाली.

या मानकाचा गाभा सांगायला मला आमची छावणीच उपयोगी पडते. खाम नदीच्या अलीकडे शहर, पलीकडे छावणी. शहराचा कारभार नगरपालिकेकडे होता, १९८२ पासून महापालिकेकडे. छावणीचा कारभार मात्र पिढ्यान्‌पिढ्या छावणी परिषदेकडे राहिला. आम्हाला लहानपणापासून ठाऊक असायचं, की गटार तुंबलं तर अर्ज कोणत्या कचेरीत द्यायचा हे गटार कुठे आहे त्यावर ठरतं. जागेवरून जबाबदारी कळते. लायब्रऱ्यांच्या कप्प्यांचं अगदी तसंच आहे.

‘/लिब’मध्ये त्याच सामायिक लायब्रऱ्या ठेवायच्या, ज्यांच्यावाचून यंत्र सुरूच होणार नाही किंवा बिघडलेलं यंत्र दुरुस्त करता येणार नाही. कारण ‘/यूएसआर’ हा कप्पा दुसऱ्या तबकडीवर, कदाचित दुसऱ्या यंत्रावरही असू शकतो आणि तो जोडला जाण्याआधीच या लायब्रऱ्या हाताशी लागतात. ‘/यूएसआर/लिब’मध्ये कार्यप्रणाली पुरवणाऱ्यानं दिलेलं बाकी सगळं. ते त्यानं ठेवायचं, त्यानंच बदलायचं. स्थिर लायब्रऱ्याही इथेच, ‘/लिब’मध्ये नाहीत, त्या फक्त नवा प्रोग्राम बांधताना लागतात, यंत्र सुरू होताना नाही. आणि यंत्राचा मालक स्वतःच्या हातानं जे बांधून बसवेल, ते ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये. तिथे पुरवठादारानं हात घालायचा नाही. ही हद्द मोडून आपली लायब्ररी ‘/यूएसआर/लिब’मध्ये टाकली, तर पुढच्या अद्ययावतीकरणात पुरवठादार ती पुसून आपली ठेवील. किंवा त्याहून वाईट म्हणजे आपली लायब्ररी त्याच्या लायब्ररीवर बसेल आणि ज्यांचा आपल्याशी संबंधही नाही असे प्रोग्राम कोसळतील.

माझा एक भाचा अभियांत्रिकीला होता. त्यानं एक लायब्ररी स्वतः बांधून शिस्तीत ‘/यूएसआर/लोकल/लिब’मध्ये ठेवली, आणि प्रोग्राम चालवताच उत्तर आलं, अशी फाइल नाही. फाइल तर समोर दिसत होती. दोन दिवस तो हैराण. गोम अशी, की सामायिक लायब्ररी शोधणारा प्रोग्राम दर वेळी सगळे कप्पे धुंडाळत बसत नाही. त्याची एक नोंदवही असते, आणि ती ‘एलडीकॉन्फिग’ या आज्ञेनं नव्यानं लिहिली जाते. खरेदीखत झालं, ताबाही मिळाला, पण फेरफार नोंदवला नाही तर सातबाऱ्यावर नाव चढत नाही. तसं हे होतं. आज्ञा दिली, नाव चढलं, प्रोग्राम चालला. स्थिर लायब्ररी असती तर हा फेरफार लागलाच नसता. तिची वेळ प्रोग्राम बांधतानाच येते आणि जाते.

मोठ्या यंत्रांवर हीच हद्द आणखी काटेकोर असते. पुण्याच्या सी-डॅकनं १९९८ मध्ये बांधलेला ‘परम १००००’ हा महासंगणक सन कंपनीच्या अनेक युनिक्स यंत्रांची माळ होता. अशा माळेतल्या प्रत्येक यंत्रावर गणिताच्या लायब्ररीची वेगळी नक्कल ठेवत बसलं, तर एक दिवस एखाद्या यंत्रावर जुनी नक्कल राहणार आणि तेवढ्याच यंत्राचं उत्तर वेगळं येणार. म्हणून यंत्रांच्या अशा माळांमध्ये साधारणपणे एक सामायिक तबकडी ठेवतात. तिच्यावर आवृत्तीवार कप्पे असतात, आणि कोणती आवृत्ती हवी ते काम देणारा सांगतो.

सामायिक पद्धतीचं मोल जगाला पुरतं कळलं ते मार्च २००२ मध्ये. ‘झेडलिब’ ही फायली आवळून लहान करणारी लायब्ररी. चित्रं, जाळ्यावरची पानं, कितीतरी गोष्टींसाठी ती वापरात होती. तिच्यात मेमरीचा एकच तुकडा दोनदा मोकळा करण्याची चूक सापडली आणि त्या फटीतून परक्याला आत शिरता येईल अशी भीती निर्माण झाली. ज्या प्रोग्रामांनी सामायिक झेडलिब वापरली होती, त्यांच्यासाठी काम सोपं होतं. ‘/यूएसआर/लिब’मधली एक फाइल बदलली की झालं. पण कितीतरी प्रोग्रामांनी तिची नक्कल पोटात बाळगली होती. लिनक्सच्या गाभ्यातही तिची स्वतंत्र प्रत होती. ते सगळे एकेक करून शोधायचे, नव्यानं बांधायचे, पुन्हा वाटायचे. गावोगाव पांगलेल्या पोथ्या शोधण्यासारखंच.

आता आपल्या भाषेकडे येतो. संगणकावर मराठी आली ती आधी प्रत्येकाच्या वेगळ्या पोथीसारखीच आली. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय लिप्यांचं मानक ठरलेलं होतं. पण छपाईच्या व्यवहारात प्रत्येक कंपनीच्या फॉन्टचे अक्षरांसाठी स्वतःचे आकडे असत. एका फॉन्टमधली कविता दुसरीकडे उघडली की ठिपके, कंस आणि आरोळीची चिन्हं. आमच्या एका कवितांच्या अंकाची सगळी जुळणी अशीच एका छापखान्यात वाया गेली आणि पुन्हा पहिल्यापासून करावी लागली. युनिकोड आल्यावर आकड्यांचा गोंधळ मिटला. पण आकडा ठरला म्हणजे आकार ठरत नाही. देवनागरीत अक्षरं एकमेकांना बिलगतात, वेलांटी मागे जाते, रफार डोक्यावर चढतो. हे सगळं कोणीतरी जुळवावं लागतं.

त्यातही मराठीचा एक खास हट्ट आहे. दर्या आणि दऱ्या. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. आचार्यांना बोलावणं वेगळं आणि आचाऱ्यांना बोलावणं वेगळं. पहिल्यात रफार, दुसऱ्यात तो पापणीसारखा वळलेला र. हिंदीला या पापणीची गरज पडत नाही, आपल्याला पदोपदी पडते. आता मी जो ‘लायब्रऱ्या’ शब्द इतक्या वेळा वापरला, त्यातही ती आहे. ही पापणी कुठल्या अक्षरक्रमानंतर यावी हे युनिकोडनं ठरवून दिलं आहे. पण ते पडद्यावर उतरवायचं काम कोणाचं? हे काम प्रत्येक लेखन-प्रोग्रामकडे सोपवलं असतं, तर प्रत्येकानं हिंदीवर तपासून बघितलं असतं आणि मराठीचा र कुणाकडे दिसला असता, कुणाकडे नसता.

लिनक्सच्या जगात हे काम सामायिक लायब्ररीकडे गेलं. तिचं नाव ‘हार्फबझ’. उर्दू वाचणाऱ्याच्या कानाला हे नाव लगेच ओळखीचं वाटतं. फारसीत हर्फ म्हणजे अक्षर आणि बाज म्हणजे उघडं, मोकळं. ‘ओपनटाइप’ या फॉन्टच्या साच्याचा तो फारसी अनुवाद आहे. इराणमधून कॅनडात गेलेल्या बेहदाद इस्फहबुद यांनी ती नव्यानं लिहून काढली. डेबियनच्या यंत्रावर ती ‘/यूएसआर/लिब’च्या पोटात, त्या यंत्राच्या जातीच्या नावाच्या कप्प्यात असते, फेडोरावर ‘/यूएसआर/लिब६४’मध्ये. ही जातवारीही इतिहासाचीच देणगी आहे. २००३ नंतर चौसष्ट बिटांची यंत्रं रुळली, जुन्या बत्तीस बिटांच्या लायब्रऱ्याही लागतच होत्या, आणि दोन्ही एका कप्प्यात एका नावानं राहू शकत नव्हत्या. कोणी ‘लिब६४’ असा जोडकप्पा काढला. डेबियननं २०१३ च्या आवृत्तीत प्रत्येक जातीला तिच्या नावाचा कप्पा दिला.

हार्फबझमध्ये मराठीचा एखादा जोडाक्षराचा दोष दुरुस्त झाला, की तिच्यावर विसंबलेला प्रत्येक प्रोग्राम, मग तो पत्र लिहिण्याचा असो की हिशेबाचा, एका फाइलच्या बदलानं शुद्ध मराठी दाखवू लागतो. नाथांना जे करता आलं नाही ते इथे करता येतं. दुरुस्त झालेला पाठ आधीच घरात गेलेल्या पोथीतही उमटतो.

पण सगळे या नहरीवर राहत नाहीत. फायरफॉक्स आणि क्रोम हे दोन्ही ब्राउझर हार्फबझच वापरतात, मात्र आपली स्वतंत्र प्रत सोबत घेऊन येतात. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही नाना प्रकारच्या यंत्रांवर चालतो. कोणत्या यंत्रावर कोणती आवृत्ती असेल याचा भरवसा नाही. २०१३ मध्ये ‘डॉकर’ आल्यापासून तर संपूर्ण प्रोग्राम आपल्या सगळ्या लायब्रऱ्यांसह एका पेटीत बंद करून पाठवायची रीत पडली. लग्नाला जाताना घरचं पाणी बाटलीत भरून न्यावं, तसं. त्रास कमी होतो, हे खरंच आहे. पण पेट्या शंभर झाल्या की जुन्या नकलाही शंभर होतात, आणि दुरुस्तीचा दिवस उगवतो तेव्हा कोणत्या पेटीत काय आहे ते शोधत बसावं लागतं.

दरम्यान जुन्या दोन पत्त्यांचा एक पत्ता झाला. तबकड्या मोठ्या झाल्या, ‘/लिब’ आणि ‘/यूएसआर/लिब’ वेगळे ठेवण्याचं मूळ कारण उरलं नाही. फेडोरानं २०१२ मध्ये दोन्ही एक केले. डेबियननं बऱ्याच वादानंतर २०२३ च्या आवृत्तीत ते सक्तीचं केलं. ‘/लिब’ हे नाव आजही आहे, पण ते दाराचं नाव आहे. आत गेलं की माणूस ‘/यूएसआर/लिब’मध्येच पोचतो. ‘/यूएसआर/लोकल/लिब’ मात्र कोणी मिटवला नाही. जागेच्या टंचाईतून पडलेली हद्द गेली. जबाबदारीची हद्द राहिली.

आणि सामायिक नहरीचा धोकाही एकदा अगदी दाराशी आला. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं जाहीर केलं, की ‘एक्सझेड’ या फायली आवळणाऱ्या लायब्ररीच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी जाणूनबुजून चोरदरवाजा बसवला आहे. दुसऱ्या यंत्रावर प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा उशीर का होतो, या शंकेतून त्यांना तो सापडला. एक टोपणनावाचा माणूस कित्येक महिने मदतनीस म्हणून वावरून, विश्वास मिळवून, त्या लायब्ररीच्या देखभालीत शिरला होता. ही लायब्ररी सामायिक असल्यामुळे आडवाटेनं प्रवेशद्वाराच्या प्रोग्रामपर्यंत पोचत होती. बहुतेक स्थिर आवृत्त्यांत शिरण्याआधीच तो डाव उघडा पडला. नहर एकच असली की तिच्यात विष कालवणाऱ्यालाही एकच जागा पुरते.

म्हणून काय, नहर बुजवून पुन्हा आड खणायचे? मला तसं वाटत नाही. एक्सझेडच्या प्रसंगात उणीव पहाऱ्याची होती. साऱ्या जगानं वापरायची वस्तू मोजक्या माणसांच्या फावल्या वेळेवर सोडली होती. आडातही विष पडतंच, फक्त ते कळायला उशीर लागतो, आणि तो उशीर झेडलिबच्या नकलांनी दाखवून दिलाच आहे.

मराठी लिहिणाऱ्यांनी यातून घ्यायचं ते थोडकं आहे. तुमच्या पडद्यावर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, तर नशिबाला दोष देऊन शब्द बदलू नका. आधी बघा, तो सगळ्या प्रोग्रामांत बिघडतो की एकात. एकातच बिघडत असेल, तर त्यानं आपली जुनी नक्कल बाळगली असण्याचा संभव आहे. त्याच्याकडे तक्रार करा. सगळीकडे बिघडत असेल, तर फॉन्ट तरी चुकतो आहे नाहीतर सामायिक लायब्ररी. दोन्हींची दुरुस्ती उघड्यावर चालते आणि तिथे कोणालाही दोष नोंदवता येतो. शब्द, अक्षरक्रम आणि पडद्याचं चित्र एवढं दिलं तरी पुरतं. अभियंता असावं लागत नाही. एका माणसानं एकदा नोंदवलेला दोष दूर झाला, की त्याच नहरीवरच्या सगळ्या मराठी लिहिणाऱ्यांचं अक्षर सुधारतं. सामायिक विहिरीवर आपला हक्क आहे, तसा गाळ काढण्यातला वाटाही आपला आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)